वाघमोडेकाका आणि डाव्या बाजूचं ठिगळ

आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हजेरीचा कागद सुरुवातीलाच फिरतो. सगळे सही करतात आणि निम्मे लोक दहा मिनिटांत उठून जातात. तळमजल्यावरचे मारोती वाघमोडे मात्र कागद तसाच पुढे सरकवतात. "संपल्यावर करतो. शेवटपर्यंत बसणार हाय का न्हाई, आत्ताच कसं सांगू?" आणि खरंच, सेक्रेटरी खुर्च्या उचलायला लागले की कागद मागून घेतात, चष्मा पुसतात आणि सही करतात. खाली वेळ घालतात. कुरिअरवाल्याचंही तेच. पार्सल फोडून आतली वस्तू बघितल्याशिवाय सही नाही. तो बिचारा हेल्मेट काखेत धरून उभा.

नावडे कॉलनीत त्यांना सगळे तऱ्हेवाईक म्हणतात. मीही म्हणायचे. गेल्या वर्षी माझा मुलगा ऋषी हवाई दलात विमानदुरुस्तीच्या कामाला निवडला गेला आणि ट्रेनिंगसाठी बेळगावला गेला, तेव्हा मात्र मी डब्यात शिरा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. काका वीस वर्षं हवाई दलात होते एवढंच मी ऐकून होते. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की काळजीचं काही नाही. नवरा सांगत होता, पण तो बँकेत आहे, त्याला काय माहीत.

काकांनी शिरा घेतला, डबा घासून परत दिला आणि म्हणाले, "कुठलं विमान, कुठली जागा, कोण शिकवणारा उस्ताद, यातलं काहीच ठाऊक न्हाई ताई. मग सगळं ठीक होईल असं मी कशाच्या जोरावर म्हणू?"

मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुतेक, खोटं बोलणार नाही असा माणूस सापडला म्हणून असेल.

मग हळूहळू कळत गेलं. काका सांगोल्याकडचे. घरात सात भावंडं. मॅट्रिक झाल्यावर कुणीतरी सोलापुरात भरती आहे म्हणून सांगितलं, हे चालत निघाले. विमानाच्या पत्र्याचं काम शिकले. इंजिनवाले वेगळे, बंदुकांवाले वेगळे, काका पत्र्याचे. पंख, शेपूट, विमानाचं अंग. एकाहत्तरच्या लढाईत ते वीस वर्षांचे होते आणि त्यांच्या तुकडीकडे नॅट होती. नॅट म्हणजे इवलंसं लढाऊ विमान. टाचा उंच केल्या की कॉकपिटच्या काठाला हात लागतो. "बैलगाडीएवढं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल," काका म्हणाले, "पण आमच्या गावच्या लोकांना मी तसंच सांगायचो." त्यांनी केलेली ही एकच अतिशयोक्ती माझ्या माहितीत आहे.

प्रत्येक विमानाची एक वही असते म्हणे. विमान उडण्याआधी ज्यानं जे काम केलं त्यानं तिथे सही करायची. पायलट ती वही बघतो, खाली स्वतःची सही करतो आणि मगच चढतो. "तो माणूस माझं तोंड बघत न्हाई, ताई. माझी सही बघतो अन् आभाळात जातो." हे ऐकल्यावर मीटिंगच्या कागदावर मी परत कधी हसले नाही. उलट माझी झोप आणखी उडाली, कारण दोन वर्षांनी ऋषीही अशाच वहीत सही करणार.

आता विमानाबद्दल.

नावडे गावाच्या पुढे, तळोजाच्या कारखान्यांकडे जाताना, रूपेश म्हात्रेची जागा आहे. वडिलोपार्जित भातशेती होती, आता भिंत घातलेलं मैदान. नवा विमानतळ होणार म्हटल्यावर रूपेशच्या डोक्यात विमानांचं म्युझियम आलं. त्यानं ट्रस्ट केला आणि लिलावात नॅट म्हणून दोन जुनी, मोडीत काढलेली विमानं घेतली. ती सुटी करून ट्रेलरवरून आली आणि जागा तयार नव्हती म्हणून जासईच्या एका कंटेनर यार्डात चार वर्षं पडून राहिली. पंख एका बाजूला, अंगं दुसऱ्या बाजूला. त्यातलं कुठलं कुणाचं याची यादी होती, ती पावसात भिजली. शेवटी जे जुळलं ते जोडून एक विमान उभं राहिलं. रंगाऱ्यानं जुना रंग खरवडला तेव्हा नाकाजवळ एका आकड्याचे अर्धेमुर्धे अवशेष दिसले. त्यानं ते पूर्ण केले. शेवटचे दोन अंक सत्तेचाळीस.

काका दर रविवारी तिथे जातात. पैसे घेत नाहीत. विमानाच्या पोटाखालून ओल पुसतात, चिमण्यांनी घरटं केलं तर रूपेशवर ओरडतात. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या तेव्हापासूनचा हा नेम.

जानेवारीत एक बाई काकांना शोधत आमच्या सोसायटीत आल्या. गीतांजली केळशीकर, वाशीला राहतात, पन्नाशी ओलांडलेल्या. काकांना फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून त्यांनी रूपेशकडे माझा नंबर दिलेला होता, त्यामुळे मीही तिथे होते. गीतांजलीताईंचे वडील हवाई दलात पायलट होते. एकाहत्तरच्या लढाईतून सुखरूप आले आणि दोन वर्षांनी दुसऱ्याच एका विमानाच्या अपघातात गेले. तेव्हा ही मुलगी आठ महिन्यांची. त्यांच्याकडे वडिलांची उड्डाणाची डायरी आहे. लढाईतल्या एका दिवसापुढे वडिलांनी विमानाचा नंबर लिहिलाय आणि पुढे दोनच शब्द: भोकासकट परत.

तोच नंबर. सत्तेचाळीस. रूपेशनं इंटरनेटवर टाकलेल्या फोटोत त्यांना तो दिसला.

"आईला एकदा त्या विमानाला हात लावायचाय," गीतांजलीताई म्हणाल्या. "ती एकोणऐंशीची आहे, गेल्या दिवाळीत अटॅक येऊन गेलाय. पण तिचं म्हणणं, भलत्याच विमानाला हात लावायला मला नेऊ नकोस. पन्नास वर्षं मी हात न लावता राहिले, आणखी राहीन. काका, तुम्ही त्या तुकडीत होता ना? तुम्ही हो म्हणालात तरच मी तिला आणीन."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "भोक मीच बुजवलंय."

मी चमकले. हे मला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

"सत्तेचाळीसला मीच ठिगळ मारलं होतं. दुपारी. कॉकपिटच्या मागं, उजव्या अंगाला. एका मापाचे रिव्हेट, म्हणजे पत्रा ठोकायचे खिळे, संपले म्हणून शेवटची ओळ वाकडी गेली. उस्तादानं कानाखाली वाजवली. ठिगळ बघून सांगतो."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. जानेवारी असूनही ऊन कडक. रूपेश मागे मागे फिरत होता. त्याला विमानापुढे पितळी पाटी लावायची होती, वाशीच्या दुकानात ऑर्डरही दिलेली: अमुक पायलटनं लढाईत चालवलेलं विमान, प्रमाणित, मारोती वाघमोडे, निवृत्त. फक्त काकांनी एका कागदावर सही करायची.

काका उजव्या बाजूला गेले. हात सपाट ठेवून पत्र्यावरून फिरवू लागले, तापलेल्या तव्यावरून फिरवावा तसा, उचलत, टेकवत. काही नाही. पत्रा गुळगुळीत. मग ते डाव्या बाजूला आले आणि कॉकपिटच्या मागे थांबले.

ठिगळ होतं. रंगाखाली, बशीएवढं. मलाही बोटांना लागलं. आणि शेवटची ओळ वाकडी होती.

"सापडला ना!" रूपेशनं टाळीच वाजवली. "करा सही, काका."

"बाजू चुकली."

"अवो, पन्नास वर्सं झाली. डावा काय न उजवा काय! तुमी मागून बघितला असंल, आता समोरशी बघताव."

काका एवढ्या जोरात वळले की मी घाबरले. "विमानाची डावी-उजवी बगणाऱ्यावर नसती, रूपेश. पायलट बसतो तिथनं धरत्यात. पहिल्या दिवशी शिकवत्यात ते. ती मी चुकणार?"

"मग कोन चुकला?"

काका वाकून पंखाखाली गेले आणि तिथून म्हणाले, "अन् पंख तर नॅटचे न्हाईतच." पंखाखाली बाँब किंवा तेलाच्या टाक्या टांगायच्या जागा होत्या, चार. त्यांच्या वेळच्या विमानाला दोनच असायच्या. हे पंख अजितचे, म्हणजे नॅट सुधारून पुढे आपल्याकडे जे विमान केलं त्याचे. जासईच्या यार्डात अदलाबदल झालेली.

"म्हणजे विमान खोटं?" मी विचारलं.

"खोटं कशाला असंल? सगळं खरंच हाय. पण एकाचं न्हाई."

"पण अंग तर सत्तेचाळीसचं आहे ना?"

"अंगावर आकडा रंगाऱ्यानं काढलाय. खाली सात दिसत होता का एक, विचारा त्याला." रंगारी बिहारला गेला होता.

परत येताना आम्ही रिक्षा केली. गेटपाशी उतरल्यावर काका म्हणाले, "ताई, वाकडी ओळ मला आठवती. कानाखाली बसलेली आठवती. बाजूपण आठवती. यातलं एक चुकलंय, पण कुठलं ते कळंना." चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी पहिल्यांदा बघितला. औषधाची गोळी घेतली की नाही हे विसरणारे लोक बघितलेत. हे तसं नव्हतं.

त्यानंतर तीन आठवडे काका काहीच ठरवेनात. आणि इथे चूक माझी. गीतांजलीताईंचा फोन मलाच यायचा. तिसऱ्यांदा आला तेव्हा आईला पुन्हा दवाखान्यात नेऊन आणलं होतं, आवाज थकलेला. "काय झालं हो, काका काही म्हणाले?"

मी म्हटलं, "ठिगळ सापडलं."

हे खरंच होतं. बाजूचं मी बोलले नाही, पंखांचं बोलले नाही. त्या इतक्या आनंदल्या की मला पुढे बोलताच आलं नाही. फोन ठेवल्यावर मी स्वतःला सांगितलं की एका म्हाताऱ्या बाईला बरं वाटेल, कुणाचं काय जातंय. आणि लगेच वाटलं, उद्या ऋषीनं कुठल्या वहीत असा अर्धाच मजकूर लिहिला तर?

मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्या आल्या. वैजयंतीबाई केळशीकर व्हीलचेअरमध्ये, फिकट निळी साडी, हातात काही नाही. फुलं नाहीत, हार नाही. रूपेशनं फोटोग्राफर बोलावला होता, त्याला त्यांनी हातानंच दूर केलं. चेअर विमानापाशी आली. त्यांनी मान वर करून बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "एवढंसं? मला पत्रात लिहायचे, राक्षस आहे म्हणून."

मग काकांकडे वळल्या. "तुम्ही वाघमोडे. हेच ना ते?"

रूपेश काकांच्या मागे उभा राहून मान डोलवत होता. गीतांजलीताई हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होत्या. मी जमिनीकडे बघत होते. काकांनी अटेन्शनमध्ये उभं राहून सांगायला सुरुवात केली, जणू वहीतलं वाचून दाखवतायत. पंख या विमानाचे नाहीत. आकडा नंतर रंगवलेला आहे. ठिगळ आहे, पण मी मारलं ते उजवीकडे होतं, हे डावीकडे आहे. शेपटीचं सांगता येत नाही.

गीतांजलीताई माझ्याकडे बघायला लागल्या. ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही.

"मग आपण कशाला आलो, गीता?" वैजयंतीबाई म्हणाल्या. रागानं नाही. दुकान बंद असल्यावर विचारावं तसं.

वरून खऱ्या विमानाचा आवाज गेला, तो संपेपर्यंत सगळे थांबले. मग काका डाव्या बाजूला गेले, ठिगळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे नंबर सत्तेचाळीस हाय का न्हाई, सांगू शकत न्हाई. पण याला भोक पडलं होतं अन् ते परत आलं. न्हाई आलं तर ठिगळ मारायला विमान कुठलं? कुणाला तरी परत घेऊन आलेलं विमान हाय. एवढ्यावर सही करतो."

वैजयंतीबाईंनी चेअर जवळ घ्यायला लावली. हात पोचेना. गीतांजलीताईंनी त्यांना काखेत धरून उभं केलं. त्यांनी हात पुढे केला, पत्रा तापलेला म्हणून झटकन मागे घेतला, पदर बोटांवर गुंडाळला आणि मग ठेवला. किती वेळ ठेवला ते मी मोजलं नाही. "कुणाला तरी," एवढंच त्या एकदा पुटपुटल्या.

काकांनी अभिप्रायाच्या वहीत ते वाक्य लिहिलं, सही केली, वेळ घातली. अकरा चाळीस. रूपेशनं पाटीची ऑर्डर रद्द केली, तोंड वाकडं करून.

इथे संपायला हवं होतं. मला तरी वाटलं, संपलं. चार दिवसांनी काका माझ्या दारात, चेहरा उतरलेला.

"ताई, चुकीची सही केली मी."

"आता काय झालं काका?"

"ठिगळ गोळीच्याच भोकाला मारत्यात असं थोडंच हाय? पत्रा गंजला, सडला, तरी कापून ठिगळ मारावं लागतं. यार्डात, डेपोत, कुठंबी मारलेलं असू शकतं. मला ठाऊक होतं. त्या बाई तशा बघत होत्या, अन् मी तेवढं बोललो न्हाई."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. खूप समजावलं. म्हटलं, काका, त्यांना समाधान मिळालं, आता कशाला उकरायचं. काका म्हणाले, "पायलटला समाधान मिळावं म्हणून सही करत न्हाईत." मी म्हटलं, त्या पायलट नाहीत, आजारी बाई आहेत. काका म्हणाले, "म्हणूनच." याचा अर्थ मला लागला नाही. अजून लागत नाही. विमानाला हात लावताना ऋषीही असाच असावा असं मला वाटतं. पण ऋषी मोठा होऊन एखाद्या म्हातारीच्या दारात असं काही सांगायला जाऊ नये असंही वाटतं. दोन्ही एकाच माणसात कसं जमणार?

शेवटी त्यांनी सांगितलं तसं पत्र मी लिहून दिलं. सहा ओळी. ठिगळ गंजामुळेही असू शकतं. दिनांक अमुक रोजी मी हे बोललो नाही, ती माझी चूक. वही दुरुस्त केली आहे. पत्र टाकायला मी दोन दिवस लावले. पर्समध्ये घेऊन फिरले. माझ्या अर्ध्या वाक्याबद्दल खाली एक ओळ लिहावी असं सारखं वाटत होतं. शेवटी लिहिली आणि पाकीट बंद केलं.

तीन आठवडे काहीच नाही. काका रोज विचारायचे, "आलं का?" रविवारी म्युझियमला जाणंही थांबवलं. एकदा त्यांना जिन्यात पायरीवर बसलेलं बघितलं, हातात विमान पुसायचं फडकं तसंच. मला वाटू लागलं की त्या पत्रानं बाईंना काहीतरी झालं. फोन करायचं मला धाडस होईना आणि काकांना सांगायचंही.

आज संध्याकाळी गीतांजलीताईंचा फोन आला. मी आधी "आई कशा आहेत?" असं इतक्या घाईनं विचारलं की त्या हसल्या.

"बरी आहे. पत्र तिनं उशीखाली ठेवलंय, रोज काढून वाचते. आधी दोन दिवस कुणाशी बोलली नाही, आम्हीही घाबरलो होतो. मग म्हणाली, बाबा गेले तेव्हा घरी इतके लोक आले आणि प्रत्येकानं तिला सगळं माहीत असल्यासारखं सांगितलं. त्यांना काही कळलंच नसेल, ते शांतपणे गेले, ते तिचंच नाव घेत होते. तेव्हा विमानात दुसरं कुणी होतं का ऐकायला? तिला तेव्हापासून कुणाचंच खरं वाटत नाही. तिनं वाघमोडेकाकांना येत्या रविवारी जेवायला बोलावलंय. निरोप तिच्याच शब्दांत देते: त्यांना आणखी काय काय माहीत नाही, ते मला ऐकायचंय."

मी खाली जाऊन काकांना निरोप जसाच्या तसा सांगितला. ते दारातच उभे होते. दोनदा म्हणवून घेतला.

"ताई, हा टोमणा हाय का बोलावणं?"

मी विचार केला. खरंच सांगते, मला कळलं नाही.

"माहीत नाही, काका."

ते आत गेले आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. "वाशीला जायला किती वाजताची बस बरी पडंल?" आतून विचारलं. "अन् बाईंना तिखट चालतं का, तेवढं विचारून ठेवा. त्यांच्याकडं जाताना शेंगाचटणी न्यावी म्हणतो."

बसचं मला माहीत होतं, ते सांगितलं. तिखटाचं उद्या फोन करून विचारणार आहे.